खुशालरावाचं अद्वैत

अमरावतीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर खुशालरावाचं गाव. काळी जमीन, दोन पोट्टे, मनकर्णासारखी बायको. माणसाला आणखी काय लागतं? पण तिकडं सातासमुद्रापार अमेरिकेत भाऊभाऊ एकमेकांच्या उरावर बसले, विलायतेच्या गिरण्यांचा कापूस अडला, आणि वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचे दिवस आले. ते वारं खुशालरावाच्या अंगात शिरलं. त्यानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, जरीचा फेटा आणला, भिंतीवरचं घड्याळ आणलं. घड्याळ घरात कोणालाच वाचता येईना, म्हणून ते गोठ्यात टांगलं. बैलांची काही तक्रार नव्हती.

एक गुण मात्र त्याचा खरा. खळ्यावर ज्वारी मोजायला बसला की त्याचा आवाज शेजारच्या शिवारात ऐकू जायचा. पहिली पायली ओतताना "लाभ", मग "दोन", मग "तीन". पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही आपल्याकडची रीत, आणि खुशालराव रीतीचा पक्का.

सगळं घेऊन झाल्यावर घ्यायचं काय उरलं? दुसरी बायको. नांदगाव खंडेश्वरची एक पोरगी सांगून आली. मनकर्णानं भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "काहून? माह्यात काय कमी हाय?"

आता काय सांगणार, कपाळ? पोरं होती, घर चालत होतं, तिच्या हातचं भरीत गावात नावाजलेलं. खुशालरावाला उत्तर सापडेना, आणि उत्तर दिल्याशिवाय लग्न करायची छाती होईना. फेटा जरीचा असला तरी खालचं डोकं बायकोला भिणारंच होतं.

उत्तर सापडलं अमरावतीच्या बाजारात. कापसाच्या गाड्या रिकाम्या करून तो निंबाच्या सावलीत आला, तर तिथं एका गोऱ्या पाद्र्याची आणि देवळात पुराण सांगणाऱ्या हरिहरशास्त्र्यांची जुंपलेली.

"देव एकच आहे," पाद्री पुस्तकी मराठीत म्हणत होता. "जगाला धनी दोन असते, तर आज्ञा कोणाची चालली असती?"

"एकच आहे, नाही कोण म्हणतो?" शास्त्रीबुवा म्हणाले. "हा कापूस बघा. ह्याची वात होते, धोतर होतं, गादी होते. नावं निराळी, कापूस एकच. तसेच आमचे देव."

"परंतु कापूस पेरणारा कापसाहून निराळा असतो. तुम्ही तर गादीलाच शेतकरी म्हणता."

हे शेतकऱ्यांना पटलं. शास्त्रीबुवांनी उपरणं झटकलं. "बरं, तुमचा बाप, मुलगा आणि पवित्र आत्मा, हे किती झाले?"

"तीन. तरी ईश्वर एकच."

"मग भांडण कशाचं? तुम्ही तिनावर थांबलात, आम्ही थोडे पुढं गेलो."

हशा पिकला. पाद्री समजावू लागला की तीन म्हणजे तीन देव नव्हेत. शास्त्री म्हणाले, आमचेही तेहतीस कोटी म्हणजे तेहतीस कोटी नव्हेत. आपलं कुठं जमतंय की काय, या धास्तीनं दोघंही आणखीच तावातावानं बोलू लागले.

खुशालरावाला मात्र तिथल्या तिथं साक्षात्कार झाला. गोऱ्याच्या घरी तीन मिळून एक, शास्त्र्याच्या घरी तेहतीस कोटी मिळून एक, मग आपल्या घरी दोघी मिळून एक काहून नाही? येता येता त्यानं नवरीसाठी सोन्याच्या पाटल्याच घेतल्या.

"हे पाय," घरी आल्यावर पाटल्या समोर ठेवून तो म्हणाला, "बायको म्हंजे तत्त्व. तत्त्व एकच रायते, रूपं दोन होतेत. पाद्रीबी हेच सांगून राहिला. तू आन् थे, एकच."

मनकर्णानं सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली, आणि पाटल्या उचलून स्वतःच्या हातात चढवल्या.

"थ्या तिच्या हायेत ना."

"एकच ना आमी? माह्या हातात घातल्या, तिले पोचल्या."

संध्याकाळी खुशालराव हातपाय धुऊन जेवायला आला, तर त्याच्या पाटावर सालदार पंजाबराव बसलेला, आणि पुढ्यात धन्याचं ताट, भरितासकट.

"माह्यं ताट?"

"आत्मा एकच रायते म्हणे," मनकर्णा म्हणाली. "त्याचं पोट भरलं, म्हंजे तुमचंच भरलं. पाणी देऊ?"

पंजाबरावानं मालकाकडं बघितलं, भाकरीकडं बघितलं, आणि तो अद्वैताच्या बाजूनं राहिला. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळेला तेच. पोटात कावळे ओरडायला लागले तसं खुशालरावाचं तत्त्वज्ञान पातळ झालं.

"असं नसते, मनकर्णा," तो शेवटी चिडून म्हणाला. "देवाची गोष्ट येगळी, माणसाची येगळी. मले भूक लागली तं थे मलेच लागली."

मनकर्णा चुलीपुढून उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज हलला नाही.

"मलेबी दुखलं तं थे मलेच दुखलं. खळ्यावर पयल्या पायलीले तुमी एक म्हणत नाई, लाभ म्हणता. जवारीचा एवढा मान ठेवता. आन् मले एक म्हणून मोजलं, आन् दोनवर गेले."

खुशालराव फेटा काढून ओट्यावर जाऊन बसला. त्याला लाज वाटली, आणि ती कुठल्या शास्त्रात बसवावी ते काही कळेना. सकाळी नांदगावला नकाराचा निरोप गेला. कारण विचारणाऱ्यांना तो सांगे, धर्मात बसत नव्हतं. पाटल्या जिथं होत्या तिथंच राहिल्या, आणि पंजाबरावाच्या ताटातलं भरीत बंद झालं. त्याला मात्र या लग्नाचं मोडणं फार लागलं.

त्या सुगीत खळ्यावर रास पडली. मनकर्णा पोत्याचं तोंड धरून उभी होती. खुशालरावानं पहिली पायली ओतली आणि "लाभ" म्हणाला, पण एवढ्या हळू की तिलाच तेवढं ऐकू गेलं. मग त्यानं दुसरी पायली भरली, "दोन" म्हणाला, आणि मनकर्णानं मान वर केली.

"जवारीचं सांगून राहिलो," तो घाईघाईनं म्हणाला.