सी विंगची विहीर

"कुठल्या बिल्डिंगीत ऱ्हाता?"

तराजू हवेत धरून ती आधी हे विचारायची. उत्तर मिळेपर्यंत भाजी काही पारड्यातून पिशवीत पडायची नाही. ए विंग म्हटलं की, "म्हंजी आंब्याखाली." बी म्हटलं की, "कांद्यात." जिथे आता जिम आहे, तिथे म्हशी बांधायचे. मुलांच्या घसरगुंडीखाली मका होता. हडपसरच्या आमच्या सोसायटीची जमीन एके काळी तिची होती. कागदावर तिच्या नवऱ्याची म्हणे, पण नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि कागद तिने कधी मानले नव्हते.

नव्या सोसायटीच्या फाटकाबाहेर अशी एखादी भाजीवाली तुम्हीही पाहिली असेल. खाली गोणपाट, पुढ्यात चार टोपल्या, आणि नजर मात्र मालकिणीची.

मी तिला पहिल्यांदा भेटले तेव्हा तरुण होते. बासष्ट वर्षांची. यवतमाळहून आम्ही दोघं नुकतेच आलो होतो. मुलाने पुण्यात घर घेतलं, वास्तुशांत केली, आणि वर्ष व्हायच्या आत कंपनीने त्याला बायकोपोरांसकट परदेशी धाडलं. "घर बंद ठेवणं बरं नाही, तुम्हीच येऊन राहा," म्हणाला. मग आमचं घर बंद करून आम्ही त्याचं बंद घर उघडायला आलो. ठरलं असं, की दिवाळीपर्यंत बघायचं. जीव रमला तर यवतमाळचं घर भाड्याने द्यायचं, नाही तर परत. मी डबे फडताळात लावले, पण मन लावलं नाही. माझी दिवाळी आधीच ठरलेली होती.

पहिल्याच दिवशी मी मेथीच्या जुडीवरून घासाघीस केली. आमच्या आळीत मी त्यासाठी नावाजलेली होते. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"कुठल्या बिल्डिंगीत?"

"सी."

"उकिरड्यात," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आमचे हे मात्र पोळीचा घास मोडत म्हणाले, "उकिरडा तं उकिरडा. कचरा टाकाले लांब जा लागत नाही."

हळूहळू लक्षात आलं. घासाघीस करणारा कुठल्याही विंगचा असो, तो उकिरड्यातच जायचा. गोड बोलणारा आंब्याखाली. खतपाण्यावर नव्हे, तिच्या मर्जीवर पिकणारं रान होतं ते.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. थंडी सुरू झाली तशी मला तिची दया आली. बिचारी म्हातारी, उघड्यावर बसते. मी माझी एक जुनी सुती साडी आणि शाल तिला नेऊन दिली. तीही चेहऱ्यावर दानशूराचं तेज वगैरे आणून. तिने दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. दोन दिवसांनी फाटकापुढे एक पांढरी मोटार थांबली, एवढी मोठी की आमचा अख्खा दिवाणखाना तिच्यात मावला असता. तिच्यातून माझी साडी उतरली. साडीच्या आत ती होती.

"पोराची गाडी हाय," ती म्हणाली. "कशी दिसती साडी? बंगल्यात समद्यांना दावली. म्हनलं, आपल्या उकिरड्यातल्या बाईनं दिली."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण तिथे सगळीकडे पेव्हर ब्लॉक होते.

"मग तुम्ही इथे बसता कशाला, मावशी?"

"मावशी कुनाला म्हनता? तुमच्याहून बारकी हाय मी." मग गोणपाट झटकत म्हणाली, "घरात काय करू? समदी फरशी. मातीचा हात कुटं पुसायचा?"

भाजी मार्केट यार्डातून यायची. मुलगा पहाटे आणून टाकायचा. "पूर्वी हितनं माल मार्केट यार्डात जायचा. आता मार्केट यार्डातनं हितं येतो," ती हसत सांगायची. पण संध्याकाळी टोपल्या रिकाम्या झाल्या तरी ती उठायची नाही. रस्त्याकडे पाठ करून, फाटकाकडे तोंड करून बसून राहायची. गाडी न्यायला यायची, हॉर्न वाजवायची, तरी ही बसलेलीच.

पुढचा पावसाळा आला. म्हणजे एक दिवाळी आम्ही ओलांडली होती. मुलाने विनवण्या करून मुदत वाढवून घेतली होती. एका सकाळी तिच्या टोपलीत अंबाडी दिसली, आणि मला एकदम रडू आलं. आईच्या मरणाला मी एवढी रडले नव्हते. परसातली अंबाडी, शेजारणीची हाक, संध्याकाळी अंगणात टाकलेली बाज, सगळं त्या जुडीत बांधून आलं होतं.

"काय झालं, बाई?"

"इथे आपलं काहीच नाही हो. मी जाते परत."

ती भाजीवर पाणी शिंपडत राहिली. मग म्हणाली, "तुमी सी बिल्डिंगीत न्हवं? म्हंजी हिरीवर ऱ्हाता."

"विहीर? तुम्हीच उकिरडा म्हणाला होता!"

"तवा तुमी भाव करीत हुता. हीर हाय तुमच्या खाली. भर उन्हाळ्यात आटली न्हाई कदी. नव्या घरी आलेली बाई आदी हिरीची वटी भरती, पान्यातल्या आसरांची. तुमी भरली का?"

"नाही."

"मग कशा रमाल? पान्याला ठावंच न्हाई तुमी आलाय ते."

आमच्या विंगच्या तळघरात, पार्किंगच्या एका कोपऱ्यात पावसाळाभर पाणी पाझरायचं. सोसायटीच्या मीटिंगा त्याच्यावरच गाजायच्या. मी तिला ते सांगितलं, तर तिने मांडीवर थाप मारली. "तीच! हीर कुटं जातीय?"

मी म्हटलं, तुम्हीही चला. तिने मान हलवली. फाटक बसल्यापासून ती आत गेली नव्हती. "आपल्याच रानात नाव सांगून जायचं व्हय?" पण शुक्रवारी मी ओटी घेऊन खाली उतरले, तर ती फाटकाशी उभी होती. अंगावर माझीच साडी.

"कुठे जायचंय, मावशी?" वॉचमनने विचारलं.

"रानात."

तो माझ्याकडे बघायला लागला. "माझ्याबरोबर आहेत," मी म्हटलं.

तळघरात दोन मोटारींच्या मधे, ओल्या फरशीवर मी हळदकुंकू वाहिलं, खण, नारळ, तांदूळ ठेवले. आमचे हे टॉर्च धरून उभे. "गाडीले हळद नको लावू, नाहीतर मीटिंगमध्ये आपलंच नाव निघते."

"आता सांगा तिला, कुटल्या तुमी," ती म्हणाली.

मी त्या पाझराला माझं नाव सांगितलं, यवतमाळ सांगितलं, नवरा घोरतो तेही सांगितलं. ती हसली. मग वाकली, ओल्या जमिनीवर तळहात ठेवला, आणि तो हात डोळ्यांवर धरून बराच वेळ तशीच बसली. उठताना एवढंच म्हणाली, "गाड्या लई झाल्या."

त्या दिवाळीत आम्ही यवतमाळला गेलो आणि भाडेकरूच्या हाती किल्ली देऊन आलो. पाण्याला सांगून ठेवलं होतं ना मी!

गेल्या वर्षी काही दिवस ती दिसली नाही. मग कळलं, ती गेली. आम्ही दोघं तिच्या बंगल्यावर भेटायला गेलो. खरंच, समदी फरशी. सुनेने चहा दिला. मी तिला विहिरीचं सांगायला लागले, ओटीचं सांगितलं, तशी ती गोंधळली.

"सी बिल्डिंग? न्हाई ओ काकू, हीर पार तिकडं हुती, रस्त्याच्या पुलाखाली गेली. सी बिल्डिंगीच्या जागी आमचा उकिरडा हुता."

रिक्षात बसेपर्यंत यांनी कसंबसं दाबून धरलं. मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "एवढ्या थाटात उकिरड्याची ओटी कोनं भरली नसन बा!" मीही हसले. हसता हसता मला तो तिचा ओला तळहात आठवला, आणि माझं हसू राहिलं. कोणाच्या पाया पडत होती ती तेव्हा? विचारायला हवं होतं. पण जिला विचारायचं, तिची जागा रिकामी होती.

आता तिथे मोबाइलच्या कव्हरांची हातगाडी असते. तो कुठल्या विंगमध्ये राहता म्हणून कधी विचारत नाही.

परवा फाटकापाशी सामानाचा टेम्पो थांबला होता. एक पोरसवदा नवरा वॉचमनशी वाद घालत होता आणि त्याची बायको कुकर पोटाशी धरून कडेला उभी होती.

"कुठली गं तू?"

"गोंदियाची, आजी."

"कोणती विंग?"

"सी," ती म्हणाली, आणि तेवढ्यानेच तिचे डोळे भरून आले.

"सी? अगं, मग विहिरीवर की!"

मागे हे खाकरले. मी वळून डोळे वटारले आणि तिच्या हातातला कुकर घेतला.

"नारळ आहे का सामानात? नसू दे, माझ्याकडे आहे. चल, आधी पाण्याला सांगून येऊ."