डाव्या चाकाजवळचा डाग

पुण्याहून निघताना सामानात सगळ्यात आधी ठेवला तो पुठ्ठा. गाडी जुनी असली की रात्री तिच्याखाली पुठ्ठा सरकवावा आणि सकाळी डाग बघावा. पुढे काळा डाग असला तर इंजिन ऑइल, हिरवट असला तर कूलंट, नुसतं पाणी असलं तर एसी. चाकाजवळ पिवळसर, निसरडं काही दिसलं तर ब्रेक ऑइल; मग गाडी हलवायची नाही. यांनी दारातच बजावलं होतं, "या खेपेला काही गळलं तर गाडी दिलीपकडेच सोडून ये." दिलीप म्हणजे माझे सोलापूरचे धाकटे दीर. ते फोनवर माझ्या तब्येतीआधी गाडीची तब्येत विचारतात.

मोहोळला चहासाठी थांबले. गाडीच्या पुढच्या भागाखाली पाणी ठिबकत होतं. बाकड्यावरचे तिघे कप हातात घेऊनच वाकले. एकाने रेडिएटर फुटल्याचं जाहीर केलं, दुसऱ्याने वॉटर पंप गेल्याचं, तिसऱ्याने तर इंजिनच उतरवायला सांगितलं. मी बोट लावून पाहिलं. स्वच्छ, गार पाणी. एसीचं आहे म्हटल्यावर तिसरे गृहस्थ नाराज झाले. गाडी ठणठणीत निघाली की सल्ला देणाऱ्याचा अपमान होतो.

सोलापुरात भाऊजींनी आधी गाडीभोवती फेरी मारली आणि मग मला पाणी विचारलं. जाऊबाईंची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मात्र प्रवासाचा शीण घालवणारी.

दुसऱ्या दिवशी भाऊजींना घेऊन अक्कलकोटच्या पलीकडे घाण्यावर करडईचं तेल आणायला गेले. काळ्या रानात ज्वारी कणसाला आली होती. कॅन भरताना घाण्यावरची बाई म्हणाली, "चलो एण्णे" (कानडीत, छान तेल). कॅनचं झाकण सैल होतं. भाऊजींनी खिशातून कॅरीबॅग काढली, तिचा तुकडा झाकणाखाली घालून झाकण आवळलं आणि म्हणाले, "आता थेंब गळायचा न्हाय." ही त्यांची खास विद्या. लोणच्याच्या बरणीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत घरात सगळ्यांवर हाच इलाज.

परतायच्या दिवशी सकाळी पुठ्ठ्यावर डाग होता. मागच्या डाव्या चाकाजवळ, पिवळसर, निसरडा. वास घेतला, पण जाऊबाई भजी तळत होत्या. अख्ख्या गल्लीलाच तेलाचा वास. भाऊजी शेजारी उकिडवे बसले. चेहरा दुःखी होता, आवाज मात्र खुशीत.

"ब्रेक ऑइल की वैनी. जिवाशी खेळ नको. तुमी आपल्या एसटीनं जावा."

पुण्याला फोनही त्यांनीच लावला आणि यांनी लगेच मान्यता दिली. डाग माझ्याच नियमात चोख बसत होता. मी चावी दिली. त्यांनी ती तिथल्या तिथे आपल्या जुडग्यात ओवायला घेतली. माणूस शोकात इतक्या चपळाईने वागत नाही.

चावी परत मागून घेतली आणि बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची बाटली खुणेपर्यंत भरलेली, पुण्यात पाहिली होती तशीच. मग गळलं काय? डिकी उघडली. आडव्या झालेल्या कॅनच्या झाकणाखालून कॅरीबॅगचा कोपरा बाहेर आला होता आणि त्यावरून तेलाची बारीक धार चटईखाली जात होती. तिथून तळाच्या झिजलेल्या रबरी बुचातून थेट चाकाजवळ.

"भाऊजी, हे ब्रेक ऑइल जाऊबाईंना द्या. भजी उरकतील."

जाऊबाई झारा घेऊन दारात आल्या, डिकीत डोकावल्या आणि नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "लई पक्कं काम असतंय की तुमचं."

निघताना भाऊजींनी दुसरा कॅन पुढे केला. झाकणाखाली कॅरीबॅग होतीच. मी तो नम्रपणे नाकारला.

संध्याकाळी पुण्यात पोचले. गाडीला अजून करडईचा वास होता. जुन्या गाडीचं एक बरं असतं, मनात काही ठेवत नाही. जे असेल ते पुठ्ठ्यावर मांडते. मी पुठ्ठा सरकवत होते, तोवर हे फोन घेऊन खाली आले.

"दिलीप विचारतोय, गाडीचं काय ठरलं?"

"त्यांना सांगा, गाडी बरी आहे. गळत होतं ते त्यांचं."