गोष्ट ऐकणारे कारकून

निजामाच्या राजवटीत हिंगोलीच्या तहसील कचेरीत ते कारकून होते. दिवसभर उर्दूत कागद लिहायचे आणि संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून माझ्या गोष्टी ऐकायचे. मी तेव्हा नुकताच लिहायला लागलो होतो. ऐकताना ते डोळे मिटून सुपारी चघळत. एखादं वाक्य खोटं वाटलं, की चघळणं थांबायचं.

"शेवट गोड व्हावा म्हणून कोणाला जगवू नको," ते सांगायचे. "माणूस मरून राहिला असंल, तर मरू दे. वाचणाऱ्याला खोटं बराबर कळतं."

त्या उन्हाळ्यात पटकीनं त्यांची धाकटी लेक गेली. पुढे कितीतरी दिवस ते फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी आले आणि नेहमीच्या जागी बसले.

"नवं काय लिहिलं?"

लिहिलेली गोष्ट तापानं फणफणलेल्या एका पोरीची होती, आणि शेवटी ती मरत होती.

"ही नको," मी म्हणालो.

"काहून? वाच."

मी वाचू लागलो. शेवटचं पान आलं, तसे त्यांनी डोळे उघडले.

"या पोरीला जगव," ते हळूच म्हणाले.

मी कागद खाली ठेवला आणि सुचेल तसं सांगत गेलो. पहाटे ताप उतरला. पोरगी उठून बसली. भूक लागली म्हणाली. आईनं भाकर आणली.

"दुधात कुस्करून दे म्हणावं," ते म्हणाले. "तिला कोरडी गिळवत न्हाई."