मरणाचे तीस आवाज

पायलटबाईंना गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा नाही. तरी स्टुडिओत पाऊल टाकलं की चहावाल्यापासून मालकापर्यंत सगळे त्यांना पायलट म्हणतात, आणि त्याही निमूट ओ देतात. अठ्ठावीस वर्षांपूर्वी जपानहून एक कार्टून मालिका आली होती. बारा वर्षांचा एक पोरगा अवाढव्य यंत्रमानवाच्या डोक्यात बसून आकाशातून येणाऱ्या शत्रूंशी झुंजायचा. त्या पायलट पोराला इथल्या भाषेत आवाज दिला तो या बाईंनी. तेव्हा त्या तेहतीस वर्षांच्या होत्या आणि शाळेत जाणाऱ्या एका मुलीची आई होत्या.

मुलांचे आवाज मोठ्या बायका देतात हे ऐकलं की लोकांच्या भुवया वर जातात. त्यात नवल काही नाही. खऱ्या पोराचा आवाज वर्षभरात फुटतो आणि मालिका चालते तीन वर्षं. मग काय, दर हंगामाला नवा पोरगा आणायचा? बाईचा आवाज फुटत नाही, असा या धंद्यातला जुना समज आहे.

अठ्ठ्याहत्तर भाग झाले, शत्रू संपले, मालिकाही संपली. पायलटबाई मग इतरांसारख्याच पोटापाण्याला लागल्या. लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणणारी बाई त्याच. फोनवर ताटकळत ठेवून 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं सांगणारीही त्याच. हे वाक्य आपण इतक्या मनापासून म्हटलंय की चिडलेला माणूसही दोन मिनिटं जास्त थांबतो, असं त्यांचं ठाम मत आहे. त्यांना या बाबतीत कोणी विरोध करत नाही.

तर या बाईंना मागच्या महिन्यात बोलावणं आलं. त्या जुन्या मालिकेवर व्हिडिओ गेम निघत होता. दिग्दर्शक छत्तीस वर्षांचा. लहानपणी तो याच पोराच्या आवाजावर जेवला होता, निदान त्याची आई तसं सांगते. त्याने आडपडदा ठेवला नाही.

"मॅडम, कंपनीची अट आहे. पोराचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच हवा. मंगळवारचा दिवस तुमचा. त्यात सगळं झालं तर काम तुमचं. एखादी गोष्ट जरी अडली, तर गुरुवारी एक दुसरी मुलगी येतेय. चोवीस वर्षांची आहे. आवाज छान आहे तिचा."

"माझ्यासारखा काढते?"

"हुबेहूब."

पायलटबाईंच्या लेकीने फोनवरून नाक मुरडलं. "आई, तू एकसष्टची, तो बाराचा. कशाला घसा फाडून घेतेस? करू दे ना त्या मुलीला."

करू दे म्हणणं सोपं होतं. पण तो पोरगा दुसऱ्या कुणाच्या तोंडून बोललेला पायलटबाईंना खपणार नव्हता. इतका साधा मत्सर होता तो, आणि त्याला त्यांनी दुसरं कुठलं गोंडस नाव दिलं नाही. लेकीला त्या म्हणाल्या, "बघू," आणि सोमवारपासून कुणाशी बोलल्याच नाहीत. घसा राखायचा होता.

मंगळवारी सकाळी त्या बांगड्या काढून, मऊ सुती कपडे घालून आल्या. माइकला कपड्याची सळसळही ऐकू जाते. खोली पूर्वीसारखीच होती: भिंतींना स्पंज, समोर कागद ठेवायचा स्टँड, काचेपलीकडे दिग्दर्शक आणि रेकॉर्डिस्ट. सोबत कोमट पाणी आणि हिरव्या सफरचंदाच्या फोडी. तोंड कोरडं पडलं की जीभ टाळ्याला चिकटून टचटच आवाज येतो, त्यावर फोडीसारखा उपाय नाही.

बदलला होता तो कागद. मालिकेत पडद्यावरच्या पोराचे ओठ बघून बोलायचं असतं. इथे ओठ नव्हते, चित्र नव्हतं, नुसती यादी होती. उडी, पंधरा. छोटा मार, वीस. मोठा मार, वीस. विजेचा झटका, दहा. भिंत चढताना, बारा. तेच ते ऐकून खेळणाऱ्याचे कान किटतात, म्हणून प्रत्येक आवाज वेगळा हवा.

"संवाद आहेत की नाहीत?" त्यांनी विचारलं.

"आहेत की. एकोणीस वाक्यं."

"आणि मार?"

"मार, उड्या सगळं धरून एकशे वीसच्या आसपास."

"म्हणजे बोलतो कमी आणि मार जास्त खातो. मोठा झालाय म्हणायचा," पायलटबाई म्हणाल्या आणि त्यांनी हेडफोन चढवला.

पहिल्या वाक्यालाच दिग्दर्शकाने खुर्ची पुढे ओढली. आवाज तोच होता. किंचित खरखर आली होती, पण ती खरखर त्या पोराने कालच सगळ्या गल्लीभर ओरडून घेतल्यासारखी होती. दुपारपर्यंत बाईंनी उड्या मारल्या, भिंती चढल्या, विजेचे झटके खाल्ले, आणि हे सगळं जागचं न हलता. रेकॉर्डिस्ट हा कुणाचं सहसा कौतुक न करणारा माणूस. त्याने काचेतून अंगठा दाखवला.

ओरडण्याची कामं शेवटी ठेवतात, नाहीतर घसा बसतो आणि बाकीचा दिवस वाया जातो. म्हणून जेवणानंतर यादीतली शेवटून दुसरी ओळ आली. मरण, तीस.

पायलटबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. अठ्ठ्याहत्तर भागांत तो पोरगा पडला होता, हरला होता, एकदा तर तीन भाग बेशुद्ध होता. मेला कधीच नव्हता. लहान मुलांच्या मालिकेत नायक मरत नाही.

लाल दिवा लागला. त्यांनी डोळे मिटले आणि मेल्या.

एक लांब श्वास आत गेला, कुठेतरी अडकला, घशात काहीतरी हललं, आणि मग काही नाही. रेकॉर्डिस्टने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. दिग्दर्शकाने बोलायचं बटण दाबलं.

"मॅडम, सुरेख आहे. पण हा बारा वर्षांचा नाही."

"मग केवढा आहे?"

"सत्तरीचा वाटतो."

"अडुसष्ट," पायलटबाई म्हणाल्या.

त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी इस्पितळात ते गेले तेव्हा बाई खाटेजवळ स्टुलावर बसल्या होत्या. मरण त्यांनी आयुष्यात तेवढं एकच जवळून ऐकलं होतं, आणि त्यांचा कान असा की एकदा ऐकलेलं विसरायचं नाव घेत नाही. त्यांनी आणखी चारदा प्रयत्न केला. आवाज वर नेला, श्वास आखूड केला, मध्येच तोडून पाहिला. चारही वेळा पोराच्या तोंडातून नवराच निघाला.

दिग्दर्शकाने घड्याळ पाहिलं. त्याने ते चोरून पाहिलं, पण काचेतून काय लपतं? सकाळपासूनच्या सगळ्या उड्या या एका ओळीपायी वाया जाणार होत्या, आणि गुरुवारी ती मुलगी येऊन तीस काय, तीनशे वेळा मरून दाखवणार होती.

"पाच मिनिटं बाहेर बसते," त्या म्हणाल्या.

बाहेर बाकावर दिग्दर्शक त्यांच्या शेजारी येऊन बसला. त्याने आपल्याला जे येत होतं तेच सांगितलं.

"मॅडम, तुम्ही गेम खेळला आहात कधी?"

"नाही रे बाबा."

"त्यात तो खरा मरत नाही. पडतो. खेळणारा बटण दाबतो, की उठतो. आणि हे त्याला माहीत असतं."

"पडतानासुद्धा?"

"पडतानासुद्धा."

"मग पडताना त्याला वाटतं तरी काय?"

दिग्दर्शकाने विचार केला. "वैताग येतो. सगळं परत पहिल्यापासून करावं लागणार म्हणून."

"एवढंच? अरे, मग हे सकाळी सांगायला काय झालं होतं तुला?"

त्या उठून आत गेल्या आणि पंचवीस मिनिटांत तीस वेळा मेल्या. चिडून मेल्या, कुरकुरत मेल्या, 'शी!' म्हणत मेल्या. एकदा तर अशा मेल्या की जेवण अर्धवट टाकायला लावून कुणीतरी अभ्यासाला बसवलंय असं वाटावं. रेकॉर्डिस्ट मान खाली घालून हसत होता. दिग्दर्शकाने तिथेच फोन लावला आणि त्यांच्यादेखत सांगितलं, "गुरुवारची वेळ रद्द करा. झाल्यातच जमा आहे आपलं." पायलटबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तो भाव लपवलाही नाही.

मग रेकॉर्डिस्टचा आवाज हेडफोनमध्ये आला. "सुरुवातीचे पाच पुसू ना?"

"थांब जरा," दिग्दर्शक म्हणाला. तो अडखळत होता. "मॅडम, राग मानू नका. गेममध्ये शत्रूंचा एक म्हातारा सेनापती आहे. त्याला शेवटी खरंच मरायचंय, तो परत उठत नाही. तुमचा तो पहिला आवाज त्याला लावला तर चालेल? तुम्ही हो म्हणालात तरच."

"ऐकव आधी," पायलटबाई म्हणाल्या.

त्याने लावला. त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. घरी त्यांच्या आवाजाच्या कॅसेट आहेत, सीडी आहेत, दोन खोकी भरून. त्यांत यजमानांचा एक शब्द नाही. रेकॉर्डर नुसता बाहेर काढला तरी ते पिशवी घेऊन भाजी आणायला निघून जायचे. चौतीस वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाचा आवाज या बाईकडे कुठेही नव्हता, आणि आता होता तो हा, चार सेकंदांचा.

"पुन्हा लाव."

त्याने पुन्हा लावला. काचेपलीकडे दोघं खाली बघत होते.

"पूस," पायलटबाई म्हणाल्या. "ते असे बोलायचे नाहीत."

"पाचही?"

"पाचही."

रेकॉर्डिस्टने एकेक करून ते पुसले. पायलटबाईंनी पाण्याचा घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि डोळे कोरडे केले.

"आता काय राहिलं?"

"एकच ओळ," दिग्दर्शक म्हणाला. "पडल्यावर उठतानाचे. दहा."

"लाव."

लाल दिवा लागला आणि बाई एका दमात दहा वेळा उठल्या.