एल्डन फॉसमचा फ्रीजर

पारा शून्याच्या खाली बावीसवर होता, पण वारा नव्हता, एवढीच देवाची कृपा. आर्लिस ब्रेक्केनं रेडिओ स्टेशनच्या मागच्या दाराला खांदा लावला आणि फावडं घेऊन मनोऱ्याच्या खोलीकडं निघाली. रात्रीतनं वाट पुन्हा बर्फानं बुजली होती. एकतीस हिवाळे ती ही वाट उपसत आली होती. आत ट्रान्समीटर ऊबदार गोठ्यासारखा घुमत होता. हातमोजा दातानं ओढून तिनं वहीत काट्यांचे आकडे लिहिले, तेही पेन्सिलीनं, कारण पेनातली शाई इथं गोठते.

"अजून दोनदाच बरं का," ती यंत्राला म्हणाली. बुधवार होता. शुक्रवारी मावळतीला स्टेशन कायमचं बंद होणार होतं.

हॅलवर गावचं हे स्टेशन गव्हाच्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून उभं केलं होतं, एक्कावन्न साली, बिटाच्या रानात. परवाना फक्त दिवसाचा. सूर्य बुडाला की आवाज बंद, त्यामुळं डिसेंबरात पावणेपाचलाच अख्खा जिल्हा मुका व्हायचा. उजाडताच धान्याचे भाव, मग कुठली शाळा बर्फानं बंद, सव्वाआठला मयतांची यादी, दुपारी पोल्का नाचाची गाणी, रविवारी प्रवचन. आर्लिस आली ती जाहिराती टाइप करायला. नवरा ट्रक घेऊन मोंटानाला गेलेला, तो परतला नव्हता. एके सकाळी यादी वाचणाऱ्याचा घसा बसला, म्हणून तिला माइकसमोर ढकललं, ती तिथून उठलीच नाही. निम्म्या जिल्ह्याचं मरण लोकांनी तिच्या तोंडून ऐकलं होतं.

पुढं दूरच्या शहरातल्या कंपनीनं स्टेशन घेतलं आणि एकेक कार्यक्रम गेला. त्या जागी कुठले कुठले भांडकुदळ बाप्ये यंत्रातनं दिवसभर बडबडू लागले. गावचं म्हणून उरलं होतं ते नऊचं 'देवघेव'. ज्याला काही विकायचंय, हवंय, त्यानं फोन करायचा. एका माणसाला तीनच वस्तू, बंदुका नाहीत, कुत्र्याची पिल्लं नाहीत. आणि एक नियम कुठंच लिहिलेला नव्हता: रेडिओवर सांगितलेला भाव फिरवायचा नाही. हार्लन टोर्वेच्या बायकोनं त्याची होडी तो शेतावर असताना देवघेववर विकली, तर गडी संध्याकाळी घरी आला, ऐकून घेतलं, आणि निमूट होडी गाडीला जोडून गिऱ्हाइकाच्या दारात सोडून आला.

एल्डन फॉसम त्र्याऐंशीचा. सात वर्षं, रोज नऊ वाजून दहा मिनिटांनी दोन नंबरच्या लाइनीवर त्याचा दिवा लागायचा.

"काय गं आर्लिस, अजून जिवंत हायस न्हवं?"

"तुमची यादी वाचल्याशिवाय मरत नाही मी. बोला."

"आडवा फ्रीजर एक. चालू. चारशे डॉलर."

"एल्डन, चारशेला नवा येतो की हो."

"मंग नवा घ्या म्हणावं."

रोज तोच फ्रीजर, तोच भाव, आणि मग पाच मिनिटं गप्पा: हवा, गुडघे, कोल्हे. सगळा जिल्हा हसायचा आणि कुणी चुकूनही त्याच्या नंबरावर फोन करायचा नाही. बायको गेल्यावर माणसाला बोलायला निमित्त हवं, एवढं सगळ्यांना कळत होतं. आर्लिसलाही. फक्त तेवढंच कळत होतं, पुढचं नाही.

त्या बुधवारी एल्डन बोलत असतानाच तीन नंबरचा दिवा लागला. बाई टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यातली होती, गावात नवी, इरासेमा नावाची. नवऱ्यानं हरिण मारलंय, मांस ठेवायला फ्रीजर हवाय.

आर्लिसच्या मनात काय आलं असेल? सात वर्षांची ही गोष्ट, तिला शेवट असावा. सगळा जिल्हा एकदा मनापासनं हसावा आणि मगच स्टेशन बंद पडावं. रेडिओवरच्या माणसाला ही खोड असते. तिनं दोन्ही लाइनी जोडल्या.

"एल्डन, गिऱ्हाईक आलंय बघा!"

"बाई, चारशे जास्त आहेत," इरासेमा म्हणाली, "पण इथं मी दुसऱ्या कुणाला ओळखत नाही. देते. आज न्यायला येऊ?"

लाइनीवर काहीच नाही. रेडिओवर तीन सेकंद गप्प बसलं तरी ऐकणारा रेडिओला थापट मारतो. नऊ सेकंद गेले. आर्लिसचं हसू ओठांवरच राहिलं.

"दिला," एल्डन म्हणाला. फोन खाली ठेवल्याचा आवाज आला.

बाराला ती त्याच्या शेतावर पोचली. मागच्या ओसरीच्या फळ्यांवर एल्डन गुडघे टेकून बसला होता आणि फ्रीजरमधनं एकेक पुडकं काढून मांडत होता. आइस्क्रीमचे जुने डबे, त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर निळ्या शाईत त्याच्या बायकोचं, लव्हॉनचं अक्षर. रूबार्बचे देठ, जून, साखर कमी. कणसाचे दाणे. एल्डनचं सूप, मीठ घालू नये. आणि कापडात गुंडाळलेली बटाट्याच्या पातळ पोळ्यांची, लेफ्सेची चवड: नाताळसाठी, हात लावू नये. लव्हॉन सात वर्षांपूर्वी नोव्हेंबरात गेली होती. तिची बातमी आर्लिसनंच वाचली होती, नाव, वय, प्रार्थनेची वेळ.

"एल्डन, मला माहीत नव्हतं हो."

"कसं असंल."

"तुम्ही सांगायचं होतंत मला."

"रेडिओवर? अख्ख्या जिल्ह्याला? बायकोचं सूप हाय फ्रीजरात, अन् मी रोज झाकण उघडून बघतोय, म्हणून?" त्यानं एका डब्यावरचं बर्फ अंगठ्यानं पुसलं. "ह्यो कारखान्यातल्या बाईचा दोष न्हाई. लोकांना ठावं होतं, फोन करायचा न्हाई. तुलाबी ठावं होतं."

"मी सांगते तिला. समजून घेईल ती."

"शब्द दिलाय न्हवं." तो चिडला नव्हता, हेच तिला सोसवेना. "त्यो हार्लन मुकाट होडी घेऊन गेला, अन् मी फ्रीजर न्हाई म्हणू?"

"मग हे सगळं माझ्या घरी ठेवते. जागा आहे माझ्याकडे."

"नगं," तो म्हणाला. "तू लई नेलंस आज."

डबे भिंतीकडं सरकवत तोच म्हणाला, "ओसरीवर ऱ्हाईल. मार्चपतूर थंडीच हाय."

"आणि मार्चनंतर?"

"मार्चचं मार्चात."

इरासेमा आणि तिचा नवरा गाडी घेऊन आले तेव्हा एल्डननं फ्रीजर आतनं कोरडा पुसला होता. फळ्यांवरची रांग बघून ती आर्लिसकडं वळली आणि हळूच म्हणाली, "हे कुणाचं आहे?" एल्डननं फ्रीजरची दोरी स्वतः आवळली, पैसे न बघता खिशात घातले आणि म्हणाला, "झाकणाचं रबर ढिलं हाय, जरा दाबून लावत जा." चाकं फाटकाबाहेर गेली तरी तो हात वर करून उभा होता.

गुरुवारी दोन नंबरचा दिवा लागला नाही.

शुक्रवारी देवघेवला फोनांचा पाऊस पडला. कुणी रडलं, कुणी चारा विकला, हार्लननं आपली होडी परत हवी असल्याचं जाहीर केलं. नऊ वाजून दहाला आर्लिसनं सगळ्यांना थोपवलं आणि दोन नंबरकडं बघत बसली. जिल्ह्यात घरोघरी रेडिओला थापटा बसल्या असतील. दिवा लागला नाही. मग तिनं पुढचा फोन घेतला.

पावणेपाचला सूर्य बिटाच्या रानात टेकला. तिनं स्टेशनचं नाव एकदा, नेहमीसारखं, सांगितलं आणि मनोऱ्याच्या खोलीत जाऊन खटका खाली ओढला. काटे पडले. सवयीनं तिनं वही उघडली, तीन शून्यं लिहिली. किल्ली कंपनीच्या माणसाच्या हातात दिली. फावडं तेवढं घरी आणलं, ते तिचंच होतं.

शनिवारी नऊ वाजून दहाला तिनं घरातल्या फोनवरनं त्याचा नंबर फिरवला. नंबर तोंडपाठ होता, सात वर्षं रोज जिल्ह्याला सांगितलेला. खूप वेळ वाजला.

"कोण हाय?"

"आर्लिस."

काय बोलायचं ते तिनं ठरवलंच नव्हतं. समोर निमित्त नव्हतं, यादी नव्हती.

"तुझ्याकडं किती हाय?" अखेर त्यानं विचारलं.

तिनं खिडकीबाहेरचा पारा पाहिला. "खाली एकोणीस."

"हितं एकवीस. बरं हाय. उद्याला ओसरीवर ऊन पडतंय का?"

"मला काय ठाऊक? मी आता घरात बसलेली बाई."

"मंग कुणाला इचारू? तूच सांगत हुतीस न्हवं."

"नाही पडणार," ती म्हणाली. "ढग आहेत. आठवडाभर गारठा राहील. उद्या परत बघून सांगते."

"हां," एल्डन म्हणाला, आणि फोन ठेवला.

आर्लिसनं बूट चढवले. पायरीवर रात्रीतनं गुडघाभर बर्फ साचलं होतं. तिनं फावडं घेतलं आणि दारापासनं रस्त्यापर्यंतची वाट उपसायला लागली.