साळवेकाकांचा बुधवार

साळवेकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. बुधवारची संध्याकाळ, त्यामुळे बेल वाजली तेव्हा वाटलं, काकाच आले... दारात त्यांची मुलगी रडत उभी होती.

नेरूळची आमची बिल्डिंग नवी होती तेव्हापासूनचा हा शेजार. पाणी सकाळी जेमतेम तासभर यायचं. शांतवन साळवे सोसायटीचे सेक्रेटरी, मूळचे नगरकडचे. माणूस सोन्यासारखा, पण राग कायम नाकावर. अर्धी बिल्डिंग त्यांच्या तोंडाला घाबरायची. आणि महिन्यातल्या एका शनिवारी हेच काका दारोदार बेल वाजवत फिरायचे, "परवा फार बोललो, माफ करा." दुसऱ्या दिवशी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीत सगळे पुढं जाऊन भाकर घ्यायचे. मनात कुणाशी भांडण ठेवून ती भाकर घ्यायची नाही, हा त्यांचा नेम. आम्ही त्याला 'साळव्यांची साफसफाई' म्हणायचो.

एका सकाळी वर पाणी चढेना म्हणून काकांनी न सांगता आमच्या लाइनचा कॉक फिरवून पाणी बंद केलं. माझे सासरे, अप्पा, तेव्हा अंगभर साबण लावून बसलेले! टॉवेल गुंडाळून ते तसेच जिन्यात आले. शब्दाला शब्द वाढला आणि काका सगळ्यांदेखत ओरडले, "या वयात एवढा हावरटपणा?" निवृत्त हेडमास्तरांना असं कधी कुणी बोललं नव्हतं.

शनिवारी काका आले. "अप्पा, चुकलो. उद्या प्रभुभोजन आहे, तुमच्याशी वाकडं ठेवून मला पुढं जाता येणार नाही."

"म्हणजे तुम्ही तुमच्या देवासाठी आलात, साळवे. माझ्यासाठी नाही." अप्पांनी दार लावून घेतलं.

पुढे साळवेकाकू मला हळूच सांगायच्या, "सगळे उठून पुढं जातात गं, हे आपले बाकावरच बसून राहतात." दर महिन्याला काका यायचे, दर महिन्याला दार बंद. मला दोघांचाही राग यायचा, आणि काकांसाठी जीव तुटायचा. ती भाकर त्यांच्यासाठी काय होती, ते त्यांचा चेहराच सांगायचा.

मग एका बुधवारी बेल वाजली. काका दारात.

"आज काय आहे?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही. उद्यापण काही नाही. तुमचंच म्हणणं बरोबर होतं अप्पा, मी माझ्या भाकरीसाठी येत होतो. आज तुमच्याकडं आलोय."

अप्पांनी दार सताड उघडलं. मला म्हणाले, "सूनबाई, चहा टाक."

तेव्हापासून बुधवारचा चहा काकांचा. भांडणंही व्हायची, अगदी कडाक्याची. पण चहा चुकला नाही.

गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या नव्या सेक्रेटरीशी अप्पांचं पाण्यावरूनच वाजलं. बुधवारी मी सवयीने काकांचाही कप भरला आणि भरलेल्या कपाकडे बघून रडू आलं. अप्पांनी टोपी घातली, तो कप बशीत घेतला आणि ते जिना उतरू लागले.

"अप्पा, कुठं निघालात?"

"खालच्या मजल्यावर. तुझा चहा निवायच्या आत पोचतो."