झाडू धरून चालणारे भाऊजी

आमच्या घरामागच्या शेडमंदी एक भाऊजी कामाला हायेत. सोलरवर पाण्यातून हायड्रोजन गॅस काढून टाकीत भरतात, रातचं त्याच्यावर मच्छीच्या बर्फाची मशीन चालते. पन चालतात कसे, तर झाडू पुढं धरून! मी हसले, तर म्हनले, "हसा वैनी. ह्या गॅसचा जाळ उन्हात दिसत न्हाय. झाडू पेटला, की समजायचं पुढं आग हाय."

बाई गं, आन माझी पोर तर तिकडंच रांगते! परवा ती शेडच्या दारात पोचली, मी किंचाळत पळाले. भाऊजी झाडू फिरवत माझ्याआधी पोचले, तिला उचललं. "कुठं काय हाय? उगा घाबरता," म्हनले. पन पोर मला देताना त्यांचे हात एवढे लटलटत व्हते, की तिला झोकाच वाटला, खुदुखुदु हसायला लागली.